‘माइनस-माइनस प्लस’ पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी गणित मोठ्यानं वाचायला लावा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "काकू, याला येत होतं हो, पुन्हा विसरला." पूर्णांक शिकून झालेले असतात, परीक्षेत मार्कही बरे पडलेले असतात. मग परिमेय संख्या (अंश-छेदात लिहिता येणाऱ्या) सुरू होतात आणि वहीत −३ − ५ = ८ असं उत्तर दिसतं. लाल शाईनं खोडलेलं. चार पानांनंतर पुन्हा तेच. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी गेली कित्येक वर्षं संध्याकाळी शेजारपाजारची मुलं गणित घेऊन बसतात आणि ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की आता वही उघडण्याआधीच तिची वाट बघते.

"विसरला" हे निदान मला पटत नाही. विसरलेलं मूल अडखळतं, खोडतं, छताकडे बघतं. हे मूल एका दमात, ठामपणे ८ लिहितं. म्हणजे त्याला काहीतरी अगदी पक्कं आठवतंय आणि ते भलत्या जागी वापरलं जातंय. विचारलं की कारणही लगेच सांगतं: "माइनस-माइनस प्लस होतं ना!" अशा मुलाला तोच नियम अकराव्यांदा सांगितला तर तो आणखी पक्का होतो, आणि चूकही.

पेन्सिल बाजूला ठेवा, गणित वाचून घ्या

मुलाला −३ − ५ दाखवा आणि न सोडवता फक्त वाचायला सांगा. शाळा हिंदी माध्यमाची असो की इंग्रजी, आपल्याकडची बहुतेक मुलं वाचतात: "माइनस तीन माइनस पाँच" किंवा "माइनस थ्री माइनस फाइव". दोन आडव्या रेघा आणि दोन्हींना एकच शब्द. कानावर "माइनस… माइनस" पडलं की हात आपोआप "प्लस" लिहायला जातो. माझ्या अनुभवात दहातल्या आठ-नऊ चुकांचं मूळ इथे आहे.

त्या दोन रेघांचं काम मात्र वेगळं आहे. पहिली रेघ सांगते की ही संख्या शून्याच्या खालची आहे. दुसरी सांगते की आता काढून घ्यायचं आहे. पहिली संख्येचं नाव आहे, दुसरी कृती. आणि मराठीत या दोन्हींसाठी दोन शब्द तयार आहेत: उणे आणि वजा. ‘उणे’ म्हणजे कमी असलेलं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या शब्दांमध्ये जे ‘ऊन’ लपलेलं आहे (वीसला एक कमी, तीसला एक कमी) तेच हे. ‘वजा’ म्हणजे काढून टाकणं, वजाबाकीतलं वजा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाच्या हाताशी ही सोय असताना ती न वापरणं मला फार खटकतं.

म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे. संख्येला चिकटलेली रेघ असेल तर ‘उणे’, दोन संख्यांच्या मधली असेल तर ‘वजा’. ‘माइनस’ हा शब्द तेवढे काही आठवडे बंद. मग वाचन असं होतं:

−३ − ५ : उणे तीन वजा पाच
३ − (−५) : तीन वजा उणे पाच
−३ + ५ : उणे तीन अधिक पाच
(−३) × (−५) : उणे तीन गुणिले उणे पाच

आता विचारा, पहिल्या ओळीत ‘उणे’ किती वेळा आलं? एकदाच. "उणे गुणिले उणे बरोबर धन" हा नियम लावायला दोन ‘उणे’ हवेत आणि मध्ये ‘गुणिले’ हवं. तशी ओळ फक्त शेवटची. हे मुलाला स्वतःच्या कानानं ऐकू आलं की त्याच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो मी नीट ओळखते. पुढच्या खेपेला ते पहिल्या ओळीला हात लावण्याआधी थांबतं.

कुणी म्हणेल की मराठीत "पाच उणे तीन" असंही म्हणतात आणि बातम्यांमध्ये "तापमान वजा चार अंश" असंही ऐकू येतं. खरं आहे, भाषेत दोन्ही चालतं. मी व्याकरणाचा नियम सांगत नाही. मूल सावरेपर्यंत घरापुरती ही विभागणी काटेकोर ठेवा, एवढंच म्हणते. आई वेगळं वाचते आणि बाबा वेगळं, असं झालं तर काही उपयोग नाही. आजीला घ्या, आजी हे सगळ्यात चांगलं करते.

तरीही −३ − ५ अडलं तर: उधारीची वही

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आपल्या नावावर तीनशे उधार आहेत. आज आणखी पाचशेचं सामान आणलं, पैसे दिले नाहीत. वहीत काय दिसेल? आठशे उधार. आठशे जमा म्हणणारं मूल मला आजवर भेटलेलं नाही. −३०० − ५०० = −८००. शून्यं खोडा, झालं तेच गणित.

ही उपमा मी शोधलेली नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं शून्य आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या संख्यांचे नियम लिहिले, तेव्हा त्यानं शब्द वापरले ते ‘धन’ आणि ‘ऋण’. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. ऋणात ऋण मिळवलं तर ऋणच, दोन ऋणांचा गुणाकार धन, अशी स्वच्छ वाक्यं आहेत ती. बेरीज वेगळी, गुणाकार वेगळा. आपली मुलं जिथे घसरतात तीच सीमा त्यानं तेव्हा आखून दिली होती.

चिन्हाबद्दलही एक गोष्ट मुलांना सांगते, कारण ती ऐकली की चिन्हाची भीती कमी होते. पेशावरजवळ बख्शाली गावी १८८१ साली भूर्जपत्रांवरचं एक जुनं गणिताचं हस्तलिखित सापडलं. त्यात ऋण संख्येची खूण म्हणून संख्येच्या उजवीकडे चक्क + असं चिन्ह काढलेलं आहे! भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. आज आपण काढतो ती + आणि − ही चिन्हं छापलेल्या पुस्तकात पहिल्यांदा दिसली १४८९ मध्ये, जर्मनीत. म्हणजे खूण माणसांनी ठरवलेली आहे, बदलतही गेली आहे. कर्ज हे कर्जच राहिलं.

तीन वजा उणे पाच: इथे नियम सांगू नका, चिंचोके आणा

उधारीची वही इथवर पुरते. ‘वजा उणे’ आलं की मुलाला हातात काहीतरी लागतं. मी एका वाटीत छोल्याचे दाणे ठेवते आणि दुसरीत चिंचोके. एक दाणा म्हणजे धन एक, एक चिंचोका म्हणजे उणे एक. एक दाणा आणि एक चिंचोका शेजारी आले की ती जोडी शून्य. ताटात अशा कितीही जोड्या टाका किंवा उचला, किंमत बदलत नाही. हे शेवटचं वाक्य मुलाला स्वतः करून पटू द्या, घाई करू नका. सगळी युक्ती त्यातच आहे.

आता −३ − (−५). वाचा: उणे तीन वजा उणे पाच. ताटात तीन चिंचोके आहेत आणि त्यातून पाच चिंचोके काढायचे आहेत. तीनच आहेत, पाच कसे काढणार? मुलं इथे गप्प होतात, होऊ द्या. मग कुणीतरी म्हणतं, "जोड्या टाकू?" दोन जोड्या टाकल्या. ताटात पाच चिंचोके, दोन दाणे. पाच चिंचोके उचलले. उरले दोन दाणे. उत्तर २.

हेच ३ − (−५) ला करा. तीन दाणे आहेत, चिंचोका एकही नाही. पाच जोड्या टाकल्या, पाच चिंचोके उचलले, आठ दाणे उरले. पाच-सहा गणितं अशी केली की मुलगी स्वतःच म्हणते, "काकू, चिंचोके काढणं म्हणजे दाणे घालणंच आहे." हा नियम तिचा झाला. आता तो वहीत लिहायला हरकत नाही: वजा उणे म्हणजे अधिक.

क्रम मात्र पाळा. वहीत नियम आधी आणि चिंचोके नंतर असं केलं की मूल चिंचोक्यांकडे बघतच नाही, उत्तर आधीच माहीत असतं.

उणे गुणिले उणे धन का?

हा प्रश्न मूल विचारतं तेव्हा "तसा नियमच आहे" म्हणून गप्प करू नका. ही पायरी उतरून दाखवा:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

डावीकडची संख्या एकनं उतरते आहे, उत्तर दर खेपेला दोननं चढतं आहे. पुढची पायरी (−१) × (−२). शून्यानंतर दोननं चढलो की २. तिथे −२ लिहिलं तर चाल मोडते, मुलाला ते दिसतं. आणि वहीचीच भाषा हवी असेल तर: दुकानदाराच्या वहीत आपल्या नावावर दोनशे-दोनशेच्या तीन नोंदी चुकून जास्त पडल्या होत्या. त्यानं त्या खोडल्या. आपल्या खिशात एक रुपया आला नाही, तरी आपण सहाशेनं वर आलो. तीन नोंदी काढल्या म्हणून −३, प्रत्येक नोंद उधारीची म्हणून −२००. (−३) × (−२००) = ६००.

मोठी कोणती, −२०० की −२६०?

"दोनशेसाठ मोठे" हे उत्तर आलं की इंदूरच्या मुलाला बोरिंगची आठवण करून द्यायची. जमिनीची पातळी शून्य धरू. होळीला बोरिंगचं पाणी दोनशे फुटांवर होतं, मे महिन्यात दोनशेसाठ फुटांवर गेलं. पाणी वर आलं की खाली गेलं? टँकर कधी बोलवावा लागला? −२६० खाली आहे, म्हणून लहान. संख्यारेषा या कामासाठी उभीच काढा. आडव्या रेषेवर डावं-उजवं पाठ करावं लागतं, उभ्या रेषेवर खाली म्हणजे कमी हे सांगावंच लागत नाही. महिनाभरानं रेषा आडवी केली तरी चालते.

वर्गाचं एक बारीक दुखणं इथेच सांगून टाकते. −३² आणि (−३)² या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं वाचायचं "उणे, तीनचा वर्ग" म्हणजे −९. दुसरं "उणे तीनचा, वर्ग" म्हणजे ९. स्वल्पविराम कुठे येतो ते ऐका. संगणकावर पडताळणारे पालक इथे फसतात, कारण काही स्प्रेडशीट कंसाशिवाय लिहिलेल्या पहिल्या रूपालाही ९ देतात. वहीत पुस्तकाचाच संकेत धरायचा.

परिमेय संख्या: आधी शब्दांची गाठ सोडवा

आता दुसरा अर्धा भाग. आपल्या घरांमध्ये इथे एक खास अडचण येते, ती पुण्या-मुंबईच्या घरांत नसते. मूल शाळेतून हिंदी शब्द आणतं आणि घरी समजावणारी आजी किंवा मावशी मराठी शब्द वापरते. आजी ‘अपूर्णांक’ म्हणते, शाळा ‘भिन्न’ म्हणते, आणि मराठीत भिन्न म्हणजे निराळं. आजीचा ‘छेद’ तो शाळेतला ‘हर’. ‘नैसर्गिक संख्या’ त्या तिकडे ‘प्राकृत संख्या’. ‘लसावि’ला ‘लघुत्तम समापवर्त्य’, ‘गुणाकार व्यस्त’ला ‘व्युत्क्रम’, ‘बेरीज व्यस्त’ला ‘योज्य प्रतिलोम’. ‘अंश’ आणि ‘परिमेय’ तेवढे दोन्हीकडे सारखे. वहीच्या मागच्या पानावर ही यादी मुलाकडूनच लिहून घ्या, दोन रकान्यांत. अर्धा तास लागतो आणि त्यानंतरची निम्मी भांडणं मिटतात.

पण सगळ्यात जास्त घोटाळा करणारा शब्द दोन्ही भाषांत आहे, तो म्हणजे ‘पूर्णांक’. एकीकडे …, −२, −१, ०, १, २, … या संख्या म्हणजे पूर्णांक. दुसरीकडे आपण २ ३/४ वाचतो "दोन पूर्णांक तीन छेद चार". मूल विचारतं, "मग ही संख्या पूर्णांक आहे ना? तुम्हीच म्हणालात." रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की इथे ‘पूर्णांक’ हा फक्त त्या संख्येतल्या पूर्ण भागाचा पत्ता आहे, अख्ख्या संख्येचं नाव नाही. अख्खी संख्या पूर्णांक नाही, परिमेय आहे. आणि उलट बाजूनं, प्रत्येक पूर्णांक परिमेय असतोच, कारण −५ हा −५/१ असा लिहिता येतो. व्याख्या एवढीच: अंश पूर्णांक, छेद शून्य नसलेला पूर्णांक. शून्य स्वतः परिमेय आहे का? ०/१ लिहून बघा. आहे.

उणे पावणेतीन

ही चूक मी सर्वांत गंभीर समजते, कारण ती हुशार मुलं करतात आणि वरून दिसत नाही. गणित असं: −२ ३/४ चं साध्या अपूर्णांकात रूपांतर करा. पाठ केलेली रीत म्हणते "पूर्णांक गुणिले छेद अधिक अंश". मूल लिहितं (−२ × ४) + ३ = −५, म्हणून −५/४. रीत नीट पाळली, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक.

मोठ्यानं वाचायला लावा. "माइनस दो सही तीन बटे चार" वाचून काही कळत नाही. मराठीत वाचा: उणे पावणेतीन. हा शब्दच अर्धं गणित सोडवतो. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी. आता उभ्या रेषेवर खाली जा. उणे पावणेतीन कुठे येईल? उणे तीनच्या जरा वर, उणे दोनच्या बरंच खाली. −५/४ म्हणजे उणे सव्वा. उणे सव्वा तर उणे एक आणि उणे दोनच्या मध्ये येतो! मूल स्वतःच उत्तर खोडतं.

कारण असं की ती पुढची रेघ फक्त दोनची नाही, ती अख्ख्या पावणेतीनाची आहे. −२ ३/४ म्हणजे −(२ + ३/४), आणि −२ + ३/४ नव्हे. आधी उणे झाकून ठेवा, २ ३/४ चे ११/४ करा, मग उणे परत ठेवा: −११/४. मुलाला बोटानं चिन्ह झाकायला सांगते मी, अक्षरशः बोटानं.

मग हे द्या: −२ ३/४ + ३ १/२. साडेतीनातून पावणेतीन गेले, पाऊण उरला. पडताळून बघा, −११/४ + १४/४ = ३/४. आधीची चूक कायम ठेवली असती तर −५/४ + १४/४ = ९/४, म्हणजे सव्वादोन आले असते, आणि साडेतीनातून पावणेतीन गेल्यावर सव्वादोन उरले असं ऐकून कुठलीही आजी पोळी लाटताना थांबेल. जुन्या माणसांनी निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केलेली होती. औट म्हणजे साडेतीन. ते पाढे आज कुणी घोकावेत असं माझं म्हणणं नाही, पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरातून जाऊ देऊ नका. त्या शब्दांना किमतीचा अंदाज चिकटलेला आहे. "तीन बटे चार" याला तो नाही.

१/२ + १/३ = २/५

वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. लसावि विसरला म्हणून ओरडण्याआधी शेवेच्या दुकानात चला. अर्धा किलो शेव घेतली आणि पाव किलो गाठी. पिशवीत किती? पाऊण किलो, लहानगंही सांगतं. आता वहीतल्या पद्धतीनं करू: (१ + १)/(२ + ४) = २/६, म्हणजे एक तृतीयांश किलो. अर्ध्या किलोत भर घातली आणि पिशवी हलकी झाली! हा योगायोग नाही. धन छेद असलेले दोन वेगळे अपूर्णांक असे ‘वर-वर, खाली-खाली’ मिळवले की येणारं उत्तर नेहमी त्या दोघांच्या मध्येच पडतं. २/५ बघा, १/३ पेक्षा मोठा, १/२ पेक्षा लहान. दोन धन संख्यांची बेरीज त्यांच्यातल्या मोठीपेक्षा लहान असूच शकत नाही. म्हणून या चुकीची तपासणी सोपी आहे: बेरीज दोघांपेक्षा मोठी आली का, एवढंच विचारा. (ही ‘चुकीची’ रीत दोन परिमेय संख्यांच्या मधली एखादी संख्या शोधायला मात्र उपयोगी पडते. −१/२ आणि −१/३ च्या मधली संख्या विचारली तर −२/५ हे बरोबर उत्तर आहे. मूल तसं लिहून आणेल तर त्याला शाबासकी द्या आणि हे का चाललं ते बोला.)

छेदात उणे

३/(−४) आणि −२/३ मधली मोठी कोणती? मूल तिरपा गुणाकार करतं: ३ × ३ = ९ आणि (−२) × (−४) = ८. नऊ मोठे, म्हणून ३/(−४) मोठी. चूक. तिरप्या गुणाकाराची रीत दोन्ही छेदांचं चिन्ह सारखं असेल तरच लागू पडते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडचा नियम: छेदात उणे दिसलं की पहिलं काम ते वर न्यायचं. ३/(−४) म्हणजेच −३/४. आता −९/१२ आणि −८/१२. बोरिंगची आठवण करा, आठ फूट खोल पाणी नऊ फूट खोल पाण्यापेक्षा वर आहे. −२/३ मोठी.

छेदात शून्य आलं तर? १२ पेढे ३ जणांत वाटले तर चार-चार, कारण ४ × ३ = १२. आता १२/० साठी अशी संख्या शोधा की जिला शून्यानं गुणल्यावर १२ येतील. नाही सापडत. ०/० ला उलट अडचण, कुठलीही संख्या चालते. ब्रह्मगुप्तानं ०/० चं उत्तर शून्य सांगितलं होतं. आजचं गणित ते मानत नाही, तो भागाकार करायचाच नाही असं ठरलेलं आहे. एवढ्या मोठ्या माणसालाही जिथे वाट सापडली नाही तिथे सातवीतलं मूल अडलं तर त्याला मूर्ख म्हणू नका. ०/५ मात्र सरळ शून्य. वाटायला पेढाच नाही.

दशांशात "शून्य पॉइंट पंचेचाळीस" असं वाचू देऊ नका. "शून्य पॉइंट चार पाच" वाचा, मग ०.४५ हा ०.५ पेक्षा मोठा वाटत नाही, आणि −०.५ व −०.४५ चा गोंधळही त्याबरोबर जातो. मोठ्या भावंडाकडून "पाय (π) म्हणजे २२/७, म्हणून पाय परिमेय" असं कानावर आलं असेल तर दोन्ही मांडून दाखवा: २२/७ = ३.१४२८…, पाय = ३.१४१५… दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकातच वाटा फुटतात. २२/७ ही कामापुरती घेतलेली जवळची किंमत आहे. पाय अपरिमेय आहे, म्हणजे पूर्णांकांच्या अंश-छेदात तो लिहिताच येत नाही.

सुटलं, असं लगेच धरू नका

ही चूक दबून राहते आणि सुट्टीनंतर वर येते. आठ-दहा दिवस मध्ये जाऊ द्या, त्या दिवसांत यातलं काहीच विचारू नका, आणि मग जेवणाआधी ही पाच गणितं एका कागदावर द्या. आधी वाचन, मग उत्तर.

−४ − ९. उत्तर −१३. १३ आलं तर ‘उणे’ आणि ‘वजा’ पुन्हा एक झाले आहेत, वाचनाकडे परत.

−४ − (−९). उत्तर ५. −१३ आलं तर कंसातलं उणे वाचलंच नाही. −५ आलं तर चिंचोके काढा.

−१ १/४ चा साधा अपूर्णांक. उत्तर −५/४, म्हणजे उणे सव्वा. −३/४ आलं तर बोटानं चिन्ह झाकायला लावा.

−१/२ + १/३. उत्तर −१/६. ०/५ म्हणून शून्य लिहिलं असेल तर शेवेच्या दुकानात जाऊन या. ५/६ लिहिलं असेल तर लसावि येतो आहे, वाचताना पहिलं ‘उणे’ गळलं आहे.

−२/३ आणि −३/५ मधली मोठी. उत्तर −३/५, कारण −१०/१५ आणि −९/१५. इथे चुकलं तर उभी रेषा काढून दोन्ही ठिपके मुलाच्याच हातानं ठेवून घ्या.

पाचही बरोबर आली तरी कागद जपून ठेवा. दिवाळीची सुट्टी संपली की तीच गणितं आकडे बदलून पुन्हा द्यायची आहेत.